इंग्रजी वृत्तलेखनातील 'से' हे क्रियापद : उपयोजन, तटस्थता आणि मर्यादा

प्रस्तावना

इंग्रजी वृत्तपत्राचे कोणतेही पान उघडले तरी एक क्रियापद वाचकाच्या नजरेखालून पुनःपुन्हा जाते आणि तरीही ते त्याच्या लक्षात राहत नाही. 'से' हे ते क्रियापद आणि 'सेड' हे त्याचे भूतकाळी रूप होय. मंत्री, पोलीस अधिकारी, डॉक्टर, अपघातातून वाचलेला प्रवासी, कंपनीचा प्रवक्ता अशा सर्वांच्या मुखी इंग्रजी वार्ताहर हेच एक क्रियापद घालतो. डग्लस बायबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सिद्ध केलेल्या, लाँगमनने प्रकाशित केलेल्या इंग्रजी व्याकरणग्रंथात भाषेच्या प्रत्यक्ष वापराच्या मोठ्या संग्रहावरून सर्वाधिक आढळणाऱ्या मुख्य क्रियापदांची नोंद केली आहे. त्या नोंदीत 'से' अग्रभागी असून वृत्तलेखनातील त्याचे प्रमाण विशेष ठळक आहे.

शालेय निबंधलेखनात एकाच शब्दाची पुनरुक्ती हा दोष मानला जातो. वृत्तलेखनाच्या अध्यापनात मात्र नवोदित वार्ताहराला नेमके उलट सांगितले जाते. 'सेड' पुनःपुन्हा आला तरी चालेल, परंतु केवळ वैविध्यासाठी त्याचा पर्याय शोधू नये, असा तो दंडक आहे. एवढ्या साध्या शब्दाला असे महत्त्व का मिळाले, तो वाक्यात नेमके कोणते कार्य करतो, त्याच्या तटस्थतेची मर्यादा कोठे येते आणि इंग्रजी मजकूर मराठीत आणताना त्याचे काय होते, या चार प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्रोतनिर्देशाचे क्रियापद

वार्ताहर बातमीतील बहुतेक घटना स्वतः पाहत नाही. आग विझल्यानंतर तो घटनास्थळी पोचतो. बंद खोलीत झालेल्या बैठकीची माहिती त्याला बैठकीतील कोणाकडून तरी मिळते. म्हणून बातमीतील बरीचशी माहिती ही मुळात दुसऱ्याचे कथन असते. ते कथन कोणाचे आहे हे वाचकाला सांगणे म्हणजे स्रोतनिर्देश. 'सेड' हे या स्रोतनिर्देशाचे सर्वांत साधे साधन आहे.

'आग विजेच्या बिघाडामुळे लागली' आणि 'आग विजेच्या बिघाडामुळे लागली, असे अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्याने सांगितले' या दोन विधानांतील फरक मोठा आहे. पहिल्या विधानाची जबाबदारी वृत्तपत्रावर येते. दुसऱ्यात वृत्तपत्र दोन गोष्टींची हमी देते : अधिकारी खरोखर बोलला आणि तो हेच बोलला. आगीचे कारण तेच होते याची हमी मात्र ते देत नाही. 'सेड' या शब्दाचे सारे सामर्थ्य आणि साऱ्या अडचणी या एका भेदात सामावल्या आहेत.

वृत्तसंस्थांच्या कामकाजात हा भेद विशेष उपयोगी ठरला. असोसिएटेड प्रेससारख्या संस्थेचा एकच मजकूर परस्परविरोधी राजकीय मतांच्या वृत्तपत्रांत छापला जातो. त्यामुळे बोलणाऱ्याविषयी पसंती अथवा नापसंती न दाखवणारे क्रियापद अशा संस्थेला सोयीचे असते. 'सेड' बोलणाऱ्याचा स्वर, हेतू वा प्रामाणिकपणा यांविषयी काहीच सांगत नाही. तो केवळ उच्चाराची नोंद करतो. वाचकाची नजर त्याच्यावर अडखळत नाही आणि थेट कथनाकडे जाते, हाही त्याचा लाभ आहे. अमेरिकी कादंबरीकार एल्मोर लेनर्ड यांनी २००१ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मधील एका लेखात कथालेखकांनाही संवादासाठी याच क्रियापदावर विसंबण्याचा सल्ला दिला होता. त्यांचे कारण कलात्मक होते, वार्ताहराचे कारण जबाबदारीचे आहे.

वाक्यातील स्थान, काळ आणि कर्ता

वृत्तलेखनात 'सेड' चे स्थान बहुधा कथनानंतर असते. आधी माहिती आणि मग स्वल्पविराम देऊन स्रोत, अशी ही रचना आहे. बातमीतील सर्वांत महत्त्वाचा भाग प्रथम देण्याच्या पद्धतीशी ती सुसंगत आहे. मात्र कथन वादग्रस्त असेल तर स्रोत आधी देणे श्रेयस्कर ठरते, कारण वाचकाने विधान वाचण्यापूर्वी ते कोणाचे आहे हे त्याला कळलेले असते. आकाशवाणी व दूरचित्रवाणीवरील इंग्रजी बातम्यांत स्रोत प्रथम देण्याचा प्रघात आहे. श्रोत्याला अवतरणचिन्हे दिसत नाहीत, त्यामुळे विधान आधी आले तर ते निवेदकाचेच मत आहे असा क्षणभर समज होऊ शकतो.

कर्ता आणि क्रियापद यांचा क्रमही विचारात घेण्याजोगा आहे. आजच्या वृत्तलेखनात 'स्मिथ सेड' हा सरळ क्रम पसंत केला जातो. कर्त्याच्या नावामागे लांबलचक पदनाम जोडायचे असेल तर मात्र 'सेड स्मिथ' हा उलटा क्रम सोयीचा ठरतो, कारण त्यामुळे नाव आणि क्रियापद एकमेकांपासून दूर पडत नाहीत.

काळाच्या दृष्टीने 'सेड' आणि 'सेज' यांत कामाची वाटणी झालेली दिसते. विशिष्ट दिवशी, विशिष्ट ठिकाणी केलेल्या विधानासाठी भूतकाळ वापरतात. वैशिष्ट्यलेख, मुलाखतपर लेख आणि पुस्तक-परीक्षणे यांत वर्तमानकाळी 'सेज' येतो. मथळ्यात तर वर्तमानकाळाचेच राज्य असते, कारण मथळा घटनेला ताजेपणा देऊ पाहतो. जागा कमी असेल तेथे 'सेज' गाळून नुसते विसर्गासारखे अपूर्णविराम चिन्ह दिले जाते. दोन टिंबे तेव्हा संपूर्ण क्रियापदाचे काम करतात.

इंग्रजीत या क्रियापदाचा कर्ता मनुष्यच असावा असे बंधन नाही. अहवाल, पाटी, निवेदन, मंत्रालय, इतकेच नव्हे तर संपूर्ण देशही 'से' चा कर्ता होऊ शकतो. 'व्हाइट हाउस सेड' किंवा 'पोलिस सेड' यांसारख्या रचना इतक्या रुळल्या आहेत की इमारत अथवा संपूर्ण दल बोलत नसते, त्यामागे कोणीतरी एक व्यक्ती असते, याचे भान सुटते. कर्मणी रचनेत तर कर्ता पूर्णच लोपतो. 'ही इज सेड टु हॅव फ्लेड' या वाक्यात तो पळून गेल्याचे 'म्हटले जाते', परंतु कोण म्हणते हे कळत नाही. क्रियापद तेच असले तरी येथे स्रोतनिर्देशाऐवजी स्रोताचे गोपन होते.

पर्यायी क्रियापदांतील छुपा अभिप्राय

'सेड' ऐवजी इंग्रजीत अनेक क्रियापदे उपलब्ध आहेत. त्यांचे स्थूलमानाने तीन गट करता येतात.

पहिल्या गटात विधानाची सत्यता गृहीत धरणारी क्रियापदे येतात. 'पॉइंट आउट' म्हणजे निदर्शनास आणणे, 'रिव्हील' म्हणजे उघड करणे, 'अॅडमिट' म्हणजे कबूल करणे. जे मुळात आहे तेच निदर्शनास आणता येते आणि जे घडले आहे तेच उघड वा कबूल करता येते. पॉल व कॅरल किपार्स्की या भाषावैज्ञानिकांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात काही क्रियापदे आपल्या उपवाक्याची सत्यता गृहीत धरतात, हे तत्त्व मांडले. वृत्तलेखनाला ते थेट लागू पडते. 'करवाढीमुळे महागाई वाढेल, हे विरोधी नेत्याने निदर्शनास आणले' असे लिहिणारा वार्ताहर नकळत त्या नेत्याच्या बाजूने साक्ष देतो. 'अॅडमिट' मध्ये आणखी एक छटा आहे. कबुली ही अपराधाची असते, त्यामुळे साधी माहिती देणारी व्यक्तीही या क्रियापदाने आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते.

दुसऱ्या गटात विधानाविषयी संशय सूचित करणारी क्रियापदे आहेत. 'क्लेम' म्हणजे दावा करणे हे त्यांतील प्रमुख. एका पक्षाचा नेता 'सेड' आणि दुसऱ्या पक्षाचा नेता 'क्लेम्ड', अशी विभागणी एकाच बातमीत झाली तर कोणावर विश्वास ठेवावा हे वाचकाला न सांगता सांगितले जाते. 'अलेज' म्हणजे आरोप करणे, याचा उपयोग न्यायालयीन निर्णय होण्यापूर्वी आवश्यक असतो. मात्र आरोप करणारा कोण, हे सोबत सांगितले नाही तर ते क्रियापद केवळ ढालीसारखे वापरले जाते. 'रिफ्यूट' या क्रियापदाबाबत असोसिएटेड प्रेसच्या शैलीपुस्तकात स्पष्ट सावधगिरी सांगितली आहे. त्याचा अर्थ नुसता इन्कार करणे असा नसून युक्तिवादाने खोडून काढणे असा आहे. आरोप नाकारणाऱ्याला 'रिफ्यूट' बहाल करणे म्हणजे त्याला वादात विजयी घोषित करणे होय.

तिसरा गट बोलणाऱ्याचा स्वर वा आविर्भाव दाखवणाऱ्या क्रियापदांचा आहे. डाफरणे, गुरकावणे, कुरकुरणे, उसासा टाकणे अशा अर्थांची ही क्रियापदे बातमीत रंग भरतात, पण तो रंग वार्ताहराच्या मनातला असतो. या संदर्भात जॉन मेरिल यांचा १९६५ मध्ये 'जर्नलिझम क्वार्टर्ली'त प्रसिद्ध झालेला अभ्यास आजही उद्बोधक आहे. 'टाइम' या अमेरिकी साप्ताहिकाने ट्रूमन, आयझेनहॉवर आणि केनेडी या तीन राष्ट्राध्यक्षांचे चित्रण कसे केले हे त्यांनी तपासले. त्यासाठी त्यांनी पक्षपाताचे सहा प्रकार कल्पिले आणि त्यांत स्रोतनिर्देशाच्या क्रियापदातून व्यक्त होणाऱ्या पक्षपाताला स्वतंत्र स्थान दिले. ट्रूमन यांचे चित्रण प्रतिकूल, आयझेनहॉवर यांचे अनुकूल आणि केनेडी यांचे त्या तुलनेत समतोल असल्याचे त्यांना आढळले. एखादा नेता डाफरतो आणि दुसरा स्मितपूर्वक बोलतो, असे आठवड्यामागून आठवडे वाचणाऱ्याच्या मनात त्या दोन व्यक्तींच्या प्रतिमा घडत जातात. क्रियापदासारख्या लहान घटकातून मत कसे झिरपते याचा हा वस्तुपाठ होय.

या तिन्ही गटांतील क्रियापदे त्याज्य आहेत असे नाही. आरोपीने न्यायालयात खरोखर गुन्हा कबूल केला असेल तर 'कबूल केले' हेच अचूक क्रियापद आहे. प्रश्न क्रियापद रंगतदार आहे की नाही हा नसून त्याचा अर्थ वस्तुस्थितीला धरून आहे की नाही हा आहे.

अवतरणचिन्हे आणि कायद्याची बाजू

'सेड' अवतरणचिन्हांसह आला की त्याचे वचन अधिक कडक होते. अशा वेळी वृत्तपत्र आशयाबरोबर शब्दांचीही हमी देते. ही हमी कोठपर्यंत पोचते याची चर्चा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे झाली. जॅनेट माल्कम यांनी मनोविश्लेषक जेफ्री मेसन यांच्यावर लिहिलेला दीर्घ लेख १९८३ मध्ये 'न्यूयॉर्कर'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील काही उद्गार आपण काढलेलेच नाहीत, असे म्हणून मेसन यांनी बदनामीचा दावा दाखल केला. १९९१ च्या निर्णयात न्यायालयाने अवतरणाचे महत्त्व मान्य केले. मात्र व्याकरण वा वाक्यरचना सुधारण्यासाठी केलेला प्रत्येक बदल खोटेपणा ठरत नाही, बदलामुळे अर्थात महत्त्वाचा फरक पडला तरच तो खोटेपणा ठरतो, असा निकष त्याने घालून दिला. पुढे १९९४ मध्ये ज्यूरीने माल्कम यांच्या बाजूने कौल दिला. पत्रकारितेने या प्रकरणातून घ्यावयाचा बोध निकालापेक्षा व्यापक आहे. शब्द नेमके आठवत नसतील तर अवतरणचिन्हे काढून आशय सांगावा, हा सुरक्षित आणि प्रामाणिक मार्ग होय.

'अमुक म्हणाले' एवढे लिहिले की वृत्तपत्राची जबाबदारी संपते, असा एक समज आढळतो. कायदा तसे मानत नाही. इंग्लंडच्या बदनामीविषयक कायद्यात बदनामीकारक विधानाची पुनरुक्ती करणारा हा मूळ बोलणाऱ्याइतकाच उत्तरदायी ठरू शकतो, हे तत्त्व प्रस्थापित आहे. सार्वजनिक हिताच्या काही प्रसंगी अपवाद मान्य होतात, पण मूळ नियम तोच राहतो. भारतात १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून बदनामीची तरतूद तिच्या कलम ३५६ मध्ये आहे. बदनामीकारक आरोप करणाऱ्याप्रमाणेच तो प्रसिद्ध करणाराही या तरतुदीच्या कक्षेत येतो. न्यायालयीन कामकाजाच्या सारतः सत्य वृत्तांताला मात्र अपवादाचे संरक्षण आहे. म्हणजे 'सेड' हा शब्द स्रोत सांगतो, दायित्वातून मुक्ती देत नाही.

तटस्थतेची मर्यादा

येथवर 'सेड' चे गुण पाहिले. परंतु त्याच्या तटस्थतेतच एक धोका दडलेला आहे. अमुक व्यक्ती अमुक बोलली हे विधान सत्य असते आणि तरीही ती जे बोलली ते असत्य असू शकते. पहिल्या सत्याच्या आधारे दुसरे असत्य घरोघरी पोचते.

याचे अभिजात उदाहरण अमेरिकी सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांचे आहे. ९ फेब्रुवारी १९५० रोजी पश्चिम व्हर्जिनियातील व्हीलिंग येथे केलेल्या भाषणात त्यांनी परराष्ट्र खात्यातील कम्युनिस्टांची यादी आपल्याजवळ असल्याचे सांगितले. स्थानिक वृत्तपत्राने दिलेला आकडा २०५ होता. तो वृत्तसंस्थेमार्फत देशभर गेला. पुढच्या काही दिवसांत मॅकार्थी ५७ हा आकडा सांगू लागले आणि २० फेब्रुवारीला सिनेटमध्ये त्यांनी ८१ प्रकरणांचा उल्लेख केला. वार्ताहर प्रत्येक वेळी ते जे बोलले ते 'सेड' लावून देत राहिले. व्यवसायाच्या तत्कालीन नियमांप्रमाणे त्यात चूक नव्हती. सिनेटर बोलले होते आणि सिनेटरचे बोलणे ही बातमी होती. परंतु आकडा बदलतो का आहे आणि यादी कोठे आहे, हे प्रश्न बातमीच्या चौकटीबाहेर राहिले. दरम्यान आरोपांच्या सावलीत सापडलेल्या अनेकांच्या नोकऱ्या आणि प्रतिष्ठा धोक्यात आली. एडवर्ड मरो यांनी ९ मार्च १९५४ रोजी सीबीएसवरील कार्यक्रमात मॅकार्थी यांचीच ध्वनिचित्रमुद्रित विधाने दाखवून ती वस्तुस्थितीशी ताडून पाहिली. त्यांनीही 'मॅकार्थी म्हणाले' याच सूत्राचा वापर केला, मात्र ते तेथे थांबले नाहीत. त्याच वर्षी २ डिसेंबरला सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थी यांच्या वर्तनाचा निषेध केला.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. ८ सप्टेंबर २००२ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने इराकविषयी पहिल्या पानावर प्रमुख बातमी दिली. सद्दाम हुसेन अणुबाँबसाठी लागणारे भाग मिळवण्याचे प्रयत्न वाढवत असल्याचे अमेरिका म्हणते, असा तिच्या मथळ्याचा आशय होता आणि त्यात 'सेज' हेच क्रियापद होते. बोलणारी व्यक्ती दिसत नव्हती, कर्त्याच्या जागी देश होता. बातमीचा मुख्य आधार अॅल्युमिनियमच्या नळ्यांविषयीची अधिकाऱ्यांची माहिती हा होता. इराकमध्ये अण्वस्त्रनिर्मितीचा चालू कार्यक्रम युद्धानंतर आढळला नाही. २६ मे २००४ रोजी याच वृत्तपत्राच्या संपादकांनी आपल्या इराकविषयक वृत्तांकनाचे परीक्षण प्रसिद्ध केले. या बातमीचा त्यात उल्लेख असून नळ्यांच्या उपयोगाविषयीच्या शंका ३६०० शब्दांच्या मजकुरात १७०० शब्दांनंतर आल्याचे त्यांनी नोंदवले. मथळ्यातील 'सेज' व्याकरणदृष्ट्या निर्दोष होता, कारण अधिकारी तसे म्हणत होतेच. अपुरी होती ती पडताळणी.

दोन बाजूंची विधाने शेजारी ठेवून निर्णय वाचकावर सोडण्याच्या पद्धतीला इंग्रजीत 'ही सेड, शी सेड' पत्रकारिता असे म्हटले जाते. पत्रकारितेचे अभ्यासक जे रोझन यांनी २००९ मध्ये तिच्यावर केलेली टीका विशेष चर्चिली गेली. जेथे दोन मते आहेत तेथे ही पद्धत योग्य आहे. जेथे एक वस्तुस्थिती आहे आणि ती तपासता येते, तेथे दोन 'सेड' समोरासमोर ठेवणे हे तपासाच्या कष्टातून सुटका करून घेणे ठरते.

डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीच्या प्रारंभी हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. जानेवारी २०१७ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्यांच्या मतदानविषयक विधानाच्या मथळ्यात असत्यभाषणाचा अर्थ असलेला 'लाय' हा शब्द वापरला. नॅशनल पब्लिक रेडिओने मात्र तो टाळला. फसवण्याचा हेतू सिद्ध झाल्याशिवाय तो शब्द वापरू नये, अशी त्यांची भूमिका होती. या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी वाट अनेक वृत्तपत्रांनी स्वीकारली. क्रियापद 'सेड' च ठेवायचे आणि त्याला 'चुकीने', 'पुराव्याविना' अशा अर्थाची जोड द्यायची. या रचनेत उच्चाराची नोंद राहते, वक्त्याच्या हेतूविषयी तर्क केला जात नाही आणि विधान तपासल्याचा निष्कर्षही त्याच वाक्यात वाचकाला मिळतो.

मराठी वृत्तकक्षातील 'सेड'

मराठी पत्रकारितेचा इंग्रजीशी संबंध तिच्या जन्मापासूनचा आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेल्या 'दर्पण'मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जात असे. पुढे प्रेस ट्रस्ट ऑफ इंडियासारख्या वृत्तसंस्थांचा इंग्रजी मजकूर भाषांतरित करणे हे मराठी उपसंपादकाचे नित्याचे काम झाले. त्यामुळे 'सेड' चा प्रश्न मराठीलाही लागू होतो, किंबहुना मराठीत तो अधिक गुंतागुंतीचा होतो.

पहिली अडचण आदरार्थाची आहे. इंग्रजीत मंत्री, आरोपी, गृहिणी आणि विद्यार्थी या सर्वांसाठी 'सेड' हे एकच रूप पुरते. मराठीत 'मंत्री म्हणाले', 'आरोपी म्हणाला', 'विद्यार्थिनी म्हणाली', 'मुख्याध्यापिका म्हणाल्या' अशी निवड अपरिहार्य असते. लिंग आणि दर्जा ठरवल्याशिवाय वाक्यच पूर्ण होत नाही. 'सांगितले' वापरल्यास क्रियापदातील लिंगभेद टळतो, कारण त्या रचनेत क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही. परंतु 'त्याने' की 'त्यांनी' हा प्रश्न तेथेही उरतोच. दोष सिद्ध न झालेल्या संशयिताला एकेरीत आणि त्याच्यावर आरोप करणाऱ्या अधिकाऱ्याला आदरार्थी बहुवचनात मांडले की खटला उभा राहण्यापूर्वीच व्याकरणाने एक निवाडा दिलेला असतो. घरकाम करणारी स्त्री 'म्हणाली' आणि तिची मालकीण 'म्हणाल्या' यातही हाच निवाडा आहे.

दुसरी अडचण 'म्हणणे' आणि 'सांगणे' यांच्या छटांची. 'म्हणणे' हे 'से' ला जवळचे आहे आणि त्यात मताचा भाव अधिक आहे. 'त्यांचे म्हणणे असे की' या प्रयोगातून तो स्पष्ट होतो. 'सांगणे' हे ऐकणाऱ्याला माहिती देणे असल्याने 'टेल' ला अधिक जवळचे आहे. म्हणून वादग्रस्त मतासाठी 'म्हणाले' आणि घटनेच्या माहितीसाठी 'सांगितले' असा विवेक करता येतो.

तिसरी अडचण पर्यायांच्या मोहाची आहे. इंग्रजी मजकुरातील सलग चार 'सेड' भाषांतरात 'सांगितले', 'स्पष्ट केले', 'नमूद केले' आणि 'निदर्शनास आणून दिले' असे होतात. उपसंपादकाचा हेतू केवळ पुनरुक्ती टाळण्याचा असतो. परंतु 'स्पष्ट केले' म्हणजे जे संदिग्ध होते ते उलगडले. 'निदर्शनास आणून दिले' म्हणजे ते मुळात सत्य होते. 'धरण सुरक्षित असल्याचे अधिकाऱ्यांनी स्पष्ट केले' हे वाक्य वाचणारा धरणाखालच्या गावातील रहिवासी निर्धास्त होईल. 'धरण सुरक्षित आहे, असे अधिकारी म्हणाले' हे वाक्य त्याला आणखी एक प्रश्न विचारण्याची जागा ठेवते. मूळ इंग्रजीत जी सावधगिरी होती ती मराठीत अशा रीतीने गळून पडते.

चौथी अडचण काळाची आहे. इंग्रजीत 'सेड' भूतकाळी असल्याने त्याच्यामागून येणारे क्रियापदही बहुधा भूतकाळात जाते. 'द मिनिस्टर सेड ही वॉज इल' याचा अर्थ बोलतेवेळी मंत्री आजारी होते असा आहे. मराठीत काळ असा मागे सरकत नाही. त्याचे योग्य रूपांतर 'आपण आजारी आहोत, असे मंत्री म्हणाले' हे होय. 'आपण आजारी होतो, असे मंत्री म्हणाले' असे लिहिल्यास आजार बोलण्यापूर्वीच संपला असा वेगळाच अर्थ निघतो. आरोग्य, राजीनामा वा अटक यांच्या बातम्यांत एवढ्या फरकाने वस्तुस्थितीच बदलते.

याखेरीज इंग्रजीतील निर्जीव कर्त्याची रचना मराठीत 'अहवाल म्हणतो' अशी शब्दशः येऊ लागली आहे. 'अहवालात म्हटले आहे' ही रूढ रचना अधिक स्वाभाविक आहे. कर्मणी 'इज सेड टु' साठी मराठीत 'असे समजते', 'असे कळते' आणि बोलण्यातील 'म्हणे' हे प्रयोग आहेत. 'म्हणे' मधील ऐकीवतेची छटा मराठी भाषकाला चटकन उमगते. 'असे समजते' मध्ये ती झाकली जाते आणि ऐकीव माहितीला अधिकृततेचा पेहराव मिळतो. स्रोत उघड करता येत नसेल तर तो कोणत्या प्रकारचा आहे, एवढे तरी सांगणे वाचकाच्या हिताचे आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. 'से' हे क्रियापद इंग्रजी वृत्तलेखनात प्रधान ठरले याचे कारण शब्ददारिद्र्य नसून जबाबदारीची वाटणी हे आहे. ते बोलणाऱ्याचे विधान आणि वृत्तपत्राचे विधान यांच्यामध्ये सीमारेषा आखते. पर्यायी क्रियापदे ही सीमारेषा पुसट करतात, म्हणून त्यांचा वापर अर्थाची खात्री पटल्यावरच करावा. मात्र सीमारेषा आखली की काम संपले असे मानणे ही दुसऱ्या टोकाची चूक होय. व्हीलिंगच्या भाषणाने आणि इराकविषयक वृत्तांकनाने ती किती महाग पडते हे दाखवून दिले आहे.

मराठी वृत्तकक्षात 'सेड' साठी एक शब्द ठरवून देणे पुरेसे नाही. आदरार्थ, काळ आणि क्रियापदाची छटा या तिन्ही ठिकाणी उपसंपादकाला जाणीवपूर्वक निर्णय घ्यावा लागतो. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात शुद्धलेखन आणि मथळालेखन यांच्याबरोबर स्रोतनिर्देशाच्या क्रियापदांचाही स्वतंत्र अभ्यास असणे म्हणूनच आवश्यक आहे. कोण म्हणाले हे सांगणे हा बातमीचा आरंभ आहे आणि ते जे म्हणाले ते खरे आहे का, हे शोधणे हे तिचे उर्वरित कार्य आहे.